एलायस ब्रेच्या नावाचा दर

हॅलस्टनच्या कोर्टाचं काम दुपारीच आटोपलं. न्यायमूर्तींना पुढचं गाव गाठायचं होतं. बग्गी दारात उभी होती. कारकून जेबेझ पोकॉकने फाशीची शिक्षा झालेल्यांची यादी त्यांच्यासमोर धरली. रीत अशी, की ज्याला माफी त्याच्या नावापुढे समासात खूण करायची. खूण नाही तो लटकणार.

खटला धान्याच्या दंगलीचा होता. थॉमसिन व्हील या विधवेने गिरणीवाल्याच्या गाड्या अडवून भर बाजारात पीठ रास्त दराने विकायला लावलं होतं. मग आलेले पैसे, आणि रिकामी पोतीसुद्धा घडी घालून, त्याची त्याला परत केली होती. "चोर काय पोती परत करतात?" असं तिने कोर्टालाच विचारलं होतं.

"बाकीच्यांना सोड," न्यायमूर्ती हातमोजे चढवत म्हणाले. "पण एक तरी लटकलाच पाहिजे. ती बाई फार बोलते. तिच्यापुढे खूण नको."

यादीत तळाशी एलायस ब्रेचं नाव होतं. शिक्षा ऐकून दोनच दिवसांत तो तुरुंगात तापाने गेला होता. नाव खोडायचं जेबेझकडूनच राहिलं होतं. जेबेझने बाकीच्यांबरोबर थॉमसिनपुढेही खूण केली आणि एलायसपुढचा समास कोरा ठेवला. मेलेल्याचं आणखी काय जाणार? न्यायमूर्तींनी न वाचताच सही ठोकली.

थॉमसिन घरी गेली.

तीन आठवड्यांनी तुरुंगातून अहवाल आला: एकास फाशी दिली. तुरुंगवाल्याने फाशीमागे मिळणाऱ्या बक्षिसीसाठी थाप मारली असणार, असं समजून जेबेझ स्वतःच तिकडे गेला. तुरुंगवाला म्हातारा क्राउच उन्हात बसून वाटाणे सोलत होता.

"क्राउचबाबा, फाशी कुणाला दिलीत?"

"ब्रेला. तुमचाच तर कागद."

"तो मेला होता."

"ठाऊक आहे. मीच पुरला." क्राउचने शेंग फोडली. "त्या सकाळी दाराशी उभा होता. पुरताना टाकलेला चुना अंगावर तसाच."



"काही बोलला?"

"म्हणाला, कारकुनाने माझं नाव नेलं, पण दर ठरवला नाही."

क्राउच आत जाऊन आला. फाशीच्या वेळी तोंडावर ओढतात ती पांढरी टोपी त्याच्या हातात होती, नीट घडी घातलेली.

"तुम्हाला द्यायला सांगितलंय. आठवडा झाला, इथंच पडून आहे."

जेबेझने घडी उलगडली.

तोंडापाशी कापड ओलसर होतं. अजून कोमट.