रुईच्या पानावरची बुरशी

"माफीनामा आज पाच वाजेपर्यंत पायजे. न्हायतर उद्या परीक्षेला बसू देणार न्हाईत," पायल म्हणाली आणि तिनं एक कोरा कागद टेबलावर आपटला.

कागदावर कॉलेजचा शिक्का होता. खाली काय लिहायचं तेही विभागप्रमुख सरांनी सांगून ठेवलं होतं: मी खोटी तक्रार केली.

नवी पेठेतल्या कापडदुकानाच्या वर वैजयंतीचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. तिचा मदतनीस यशपाल स्कूटरचा सुटलेला आरसा सुतळीनं बांधत बसला होता.

"बस. पहिल्यापासून सांग," वैजयंती म्हणाली.

पायल बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्राला. पंचवीस झाडं गोळा करायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर टाचायची. त्याला म्हणतात हर्बेरियम. ते नसेल तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर वर्ष गेलं.

"शुक्रवारी लॅबच्या कपाटात ठेवलं. सोमवारी कपाट रिकामं. आन् अजिंक्यच्या टेबलावर पंचवीस शीटं. माजीच!"

"कशावरून तुझी?"

"मला माजी झाडं कळत्यात की, ताई!"

"परीक्षकाला ते पटणार नाही. वाळवलीस कशात?"

"पेपरात. आई अक्कलकोटला भज्यांचा गाडा लावती, तितली रद्दी. रुईनं लई छळलं. पान जाड, चीक गळतोय. बारा दिवस रोज पेपर बदलला."

वैजयंतीनं कोरा कागद तिच्या हातात परत दिला. "हा जपून ठेव. चल."

विभागप्रमुख मानसिंग सर खुर्चीतून उठले नाहीत. बाहेरून आलेल्या परीक्षक शुभदाबाई शेजारी बसून नमुने तपासत होत्या.

"सवलतीवर आलेल्या पोरी," सर म्हणाले, "काम करायचं नाही आणि बोट दाखवायचं कुणाकडं? संस्थेच्या विश्वस्तांच्या मुलाकडं!"

पायलनं मान खाली घातली. यशपालनं मुठी आवळल्या. ही भाषा त्यानंही याच शहरातल्या कॉलेजात तीन वर्षं ऐकली होती.

"अजिंक्यनं ही शीटं केली, हे तुम्ही पाहिलं?" वैजयंतीनं विचारलं.

"डोळ्यांनी. हे रुईचं शीट त्यानं माझ्यासमोर टाचलं. त्याच दिवशी मी सही केली. अठरा डिसेंबर. या पोरीनं शीटं नंतर पाहिली, आणि आता माझी म्हणते!"

वैजयंती शीटवर वाकली. रुंद, पांढुरक्या पानावर फिकट काळे ठिपके होते.

"हे काय?"

"बुरशी. पोरगा घाईचा आहे."

"बुरशी पण शिस्तीची निघाली," यशपाल पुटपुटला. "ओळीत उभी हाय."

लॅबच्या दारात शिपाई सिद्धप्पा फोनवर कुणाशी तरी कानडीत बोलत होता. त्यांना पाहून त्यानं फोन ठेवला. कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते, म्हणून चोरीची नोटीस त्यालाही मिळाली होती.

"शनवार-रयवार मी जेऊरला व्हतो, भाचीच्या लग्नाला. किल्ली सरांकडं दिली. रजिस्टरात त्यांची सही हाय. बावीस वर्षं झाली, हितलं एक ब्लेड हरवलं न्हाय!"

"सरांना हे माहीत नाही?"

"माहीत हाय की. पण पुढच्या आटवड्यात सर प्राचार्य व्हायचेत. विश्वस्त ठरवणार. मग नोटीस कुणाला द्यायची, मलाच!"

अजिंक्य व्हरांड्यात मोबाइल बघत होता.

"रुई कुठून आणलीस?"

"होटगीला, रुळाशेजारी."

"वाळायला किती दिवस लागले?"

"दोन. पुस्तकांखाली ठेवली."

"चिकानं हात चिकट झाले असतील."

"कसला चीक?"

यशपालनं वैजयंतीला बाजूला ओढलं. "हाच चोर! ह्यानं रुईला हात पण लावलेला न्हाय."

"म्हणजे त्यानं ती केली नाही, एवढंच कळलं. कपाट कुणी उघडलं?" ती म्हणाली. "तुझा तो आरसा सोडून आण."

साडेचार वाजता सगळे लॅबमध्ये जमले. मानसिंग सर घड्याळ बघत होते.

"सिद्धप्पा, इकडे या," वैजयंती म्हणाली. तिनं रुईच्या पानासमोर स्कूटरचा आरसा धरला. "आरशात बघा. ही बुरशी काय म्हणते?"

सिद्धप्पानं चष्मा सावरला. तो जवळ गेला, आणखी जवळ गेला. "बाई, ही कानडी अक्षरं हायत! पेपरचा वरचा पट्टा. नऊ फेब्रुवारी. यंदाचं साल."

शुभदाबाई खुर्चीतून उठल्या.

"ओलं, चिकाचं पान वजनाखाली दाबलं की पेपरची शाई पानावर उतरते," वैजयंती म्हणाली. "उतरते ती उलटी, म्हणून कुणाला वाचता आली नाही. कानडी पेपर कुठला? कर्नाटकाच्या सीमेवरच्या अक्कलकोटचा, भज्यांच्या गाड्यावरचा. म्हणजे शीटं पायलची."

"मग अजिंक्यनं उचलली असतील!" सर घाईनं म्हणाले. "मला काय माहीत?"

अजिंक्यनं मान वर केली. "सर, तुम्हीच दिलीत की मला!"

"त्याला विचारायचीही गरज नव्हती," वैजयंती म्हणाली. "फेब्रुवारीच्या पेपरात दाबलेलं पान अठरा डिसेंबरला तुमच्यासमोर टाचलं कसं? चोर विद्यार्थी असता तर तुमच्या सहीची तारीख खरी असती. तारीख तुम्ही मुद्दाम मागची टाकलीत, म्हणजे चोरीचा आळ पायलवरच उलटवता येईल. आणि शनिवार-रविवारी किल्ली तुमच्याकडे होती. प्राचार्याच्या खुर्चीसाठी एका पोरीचं वर्ष आणि एका शिपायाची नोकरी विकायला काढलीत!"

शुभदाबाईंनी पंचवीसही शीटं स्वतःकडे ओढली. "ही पायलच्या नावावर तपासली जातील. आणि विद्यापीठाला अहवाल आज जाईल, माझ्या सहीनं."

मानसिंग सरांचा आवाज मऊ झाला. "बाळ पायल, कॉलेजची अब्रू... आपसात मिटवू. तुझी परीक्षा तर होतेच आहे ना?"

पायलनं पिशवीतून तो शिक्क्याचा कोरा कागद काढला आणि सरांसमोर ठेवला.

"मिटवायचं तर लिवा. मजकूर तुमीच सांगितलाय की: मी खोटी तक्रार केली. खाली सिद्धप्पाकाकांचं नाव पण घाला, त्यांची पण माफी ऱ्हायलीय."

सरांनी खिसे चाचपले.

"पेन हाय माज्याकडं, सर," सिद्धप्पा म्हणाला. त्यानं टोपण काढून पेन पुढं केलं. "पाच वाजायला धा मिंटं हायत."