गाडीखालून आलेला आवाज

मी आणि आई मोतीराम मिस्त्रींना पहिल्यांदा भेटलो, तेव्हा आम्हाला त्यांचे फक्त पाय दिसले.

१९९३ सालचा नोव्हेंबर. आंध्रातल्या निर्मल गावी एका कंत्राटदाराच्या अंगणात जुनी पांढरी फियाट विकायला होती, ती बघायला आम्ही भैंशाहून सकाळच्या बसने आलो होतो. गाडी माझ्यासाठी हवी होती. मी पंचवीस वर्षांची, विम्याची एजंट. मुधोळ, कुबीर, पार बाजारहत्नूरपर्यंत फिरायचे आणि निम्मा दिवस बसची वाट बघण्यात घालवायचे. गाडी घ्यायची कल्पना मात्र आईची. ती भैंशाच्या मराठी शाळेत शिक्षिका. नाव पंचफुला, पण सगळं गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचं. वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती.

“पोरगी एकटी गाडी घ्याले गेली का लोक तिले फसवतेत,” असं म्हणून ती माझ्यासोबत निघाली. मोटारीबद्दल आम्हा दोघींना सारखंच ठाऊक होतं... म्हणजे काहीच नाही.

कंत्राटदार चहा सांगायला आत गेला. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि खाली काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. आईने थोडा वेळ त्या पायांकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावं, तसं विचारलं, “गाडी कशी हाय?”

ठोकणं थांबलं.

“घेऊ नका,” खालून आवाज आला.

“काऊन?”

एक हात बाहेर आला. काळ्या तळव्यावर लोहचुंबक होतं. “हे दाराच्या खालच्या अंगाले लावून पाहा. चिकटन तिथं पत्रा, पडन तिथं गंज बुजवलेली नुसती पुट्टी.”

आईने लावलं. ते पडलं. तिने आणखी दोन जागी लावून पाहिलं, दोन्हीकडे ते तिच्या पायाशी येऊन पडलं.

“तुमी मालकाचेच मिस्त्री ना?”

“होय. विकाच्या आधी गाडी नीट कराले बोलावलं मले.”

“मग आमाले काऊन सांगून राह्यले?”

“तुमी विचारलं म्हणून...”

मग तो माणूस सरकत बाहेर आला. पन्नाशीचा असेल. मिशीत पांढरे केस, कपाळावर ग्रीसचा पट्टा. आईला पाहून तो घाईने उठून बसला, हात पुसायला फडकं शोधू लागला आणि ते सापडेना तेव्हा त्याने हात पाठीमागे नेले. आईने लोहचुंबक पदराच्या टोकाने पुसून त्याच्यासमोर धरलं. आधीच काळं होतं ते. पुसायची काही गरज नव्हती. मी ते पाहिलं आणि मनात नोंद न करता सोडून दिलं.

पंधरा दिवसांनी निर्मलच्या बसच्या कंडक्टरने शाळेत निरोप आणून दिला. भैंशातच एका जिनिंग मिलच्या मॅनेजरची फिकट निळी फियाट विकायला आहे, मोतीराम मिस्त्री रविवारी येऊन बघून देतील. ते आले. बॉनेटला कान लावून इंजिन ऐकलं, गाडीखाली गेले, बाहेर आले आणि आईला म्हणाले, “म्हातारी हाय, पण खोटी नाही. घ्या.”

आम्ही घेतली. क्लच, रेडिएटर, दारांचं रबर, सीट असं बरंच काम होतं, म्हणून गाडी निर्मलला त्यांच्या दुकानात नेली. त्यानंतरचे चार रविवार आम्ही दोघी तिकडेच.

सकाळी ते मला मैदानात गाडी चालवायला शिकवायचे. आई मागच्या सीटवर बसून मला ‘समोर पाह्य’, ‘घाबरू नको’ असं सांगायची आणि स्वतः पुढची सीट घट्ट धरून ठेवायची. मग ते कामाला लागायचे. आई लाकडी स्टुलावर बसून त्यांना हत्यारं द्यायची. पहिल्या रविवारी तिने पाने आकाराप्रमाणे ओळीने लावून ठेवले. दुसऱ्या रविवारी त्यांना आकडा सांगावा लागला नाही.

“तुमच्या वर्गातले पोरं नशीबवान, बाई.”

“ते काऊन?”

“मास्तरीणच एवढी हुशार. एकदा पाह्यलं का समजते.”

“मले समजते. पोरायले समजत नाही, तेच तर दुखणं हाय.”

“मले घ्या वर्गात. मी ध्यान देऊन ऐकन.”

“तुमी? तुमी खाली तोंड घालून बसता दिवसभर.”

“वर पाह्यलं का काम होत नाही ना...”

आईने पुढचा पाना चुकीचा दिला.

डिसेंबरातलं ऊन दुकानाच्या पत्र्यावरून खाली उतरायचं. पेट्रोलचा, नव्या रबराचा वास यायचा. दुपारी आम्ही नेलेली भाकर आणि ठेचा तिघं मिळून खायचो. त्यांची बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही, हे त्यांनी खाता खाता सांगितलं, आईने विचारलं म्हणूनच. तिसऱ्या रविवारी आईच्या हिरव्या साडीवर ऑइलचा डाग पडला. खडूच्या डागालाही चिडणारी माझी आई त्या डागाकडे पाहून हसली.

मी मागच्या सीटवर, उघड्या दारातून पाय बाहेर सोडून, हे सगळं बघत होते. मला राग येत नव्हता. फक्त आपण एखाद्या परक्या घरात आलो आहोत आणि कुणी अजून बस म्हटलेलं नाही, तसं वाटत होतं.

राग नंतर आला. शेजारच्या द्वारकाबाईंनी नळावर विचारलं, “तुही माय दर रविवारी निर्मलले जाते म्हणे? नवी साडी नेसून?” विचारताना त्या माझ्याकडे न बघता घागर बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, पण मला ते पुरेसं झालं.

चौथ्या रविवारनंतरच्या बुधवारी, आई शाळेत असताना, मी एकटी निर्मलला गेले. मोतीराम माझ्यामागे रस्त्याकडे बघत राहिले.

“बाई नाही आल्या?”

“शाळा आहे. मी आजच गाडी नेते.”

“रविवारी झाली असती पुरी...”

“चालते ना?”

“चालते.” त्यांनी किल्ली दिली. मग डावीकडचं दार उघडून काच एकदा वर-खाली करून दाखवली. “ही अडकत होती. मोकळी केली. बाई ह्या बाजूनं बसतीन.”

मी थँक्यू म्हटलं आणि निघाले. भैंशापर्यंत दोनदा गाडी बंद पडली, दोन्हीदा माझ्याच चुकीने.

संध्याकाळी आईने दारात गाडी पाहिली. एक चक्कर मारली, निळ्या पत्र्यावरून हात फिरवला, म्हणाली, “झाली वाटते.” आणि आत जाऊन कुकर लावला. पुढे रविवार आला की ती वह्या तपासायला घ्यायची. तपासून झालेल्या वह्यासुद्धा पुन्हा तपासायची. गाडीत बसायला मी बोलावलं तर म्हणायची, “तू जा. तुले काम हाय.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी दारात मोतीराम उभे होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल, नखं घासघासून लाल झालेली.

“पाचशे किलोमीटर झाले असतीन,” ते मला म्हणाले. “ऑइल बदलावं लागते.”

आई माझ्या मागे येऊन उभी राहिली. “ऑइल बदलाले आले, अन् हातात पाना नाही?”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “राह्यला वाटते... दुकानात.”

“अन् ऑइल?”

“तेबी.”

“मग?”

ते उंबऱ्याकडे बघत म्हणाले, “ऑइलासाठी नाही आलो, बाई. सहा रविवार झाले, तुमी आल्या नाही. पाना मागाले हात मागं करतो अन् तो तसाच राह्यते. तुमाले राग आला तर आत्ताच्या बसनं जातो. पण विचारल्याबिगर जात नाही. तुमी माह्यासंग... लग्न करून म्हणतो मी... राहाल का?”

आईने दाराची चौकट धरली. “मी शेहेचाळीस वर्षांची हाय.”

“मी एक्कावन.”

“माह्या पोरीचं लग्न व्हाचं हाय. मायनं असं केल्यावर तिच्या दारी कोण येईन?”

मग ती दोघं माझ्याकडे बघू लागली. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं.

“गाडी मी मुद्दाम एकटीनं आणली, आई. तुम्ही दोघांनी भेटू नये म्हणून.”

“मले माहीत हाय.”

“मग तू बोलली काऊन नाही?”

“काय बोलू? तुहा जीव घाबरला होता.”

“अजूनही मला अवघड वाटतं,” मी म्हणाले, “पण गाडीत तुझ्या जागेवर विम्याचे फॉर्म ठेवून फिरते, ते त्याहून वाईट वाटतं. आणि तुझ्यामुळे जे घर मला नाही म्हणेल, त्या घरात मला जायचंच नाही.”

रस्त्यावरून कापसाची बैलगाडी करकरत गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत आई तिच्याकडे बघत राहिली. मग मोतीरामना म्हणाली,

“चपला आत आणून ठेवा. बाहेर ठेवल्या का कुत्रं नेते.”

ते चपला हातात घेऊन तसेच उभे. तिने होकार दिलाय हे त्यांना कळायला बराच वेळ लागला. मला लगेच कळलं. मी चहा टाकायला आत गेले आणि मुद्दाम साखर शोधत बसले.

लग्न एप्रिलच्या शेवटी झालं, शाळेला सुट्ट्या लागल्यावर, कारण आईला त्यासाठी रजा घ्यायची नव्हती. गाडी मी चालवली. रजिस्टर ऑफिसात आम्ही चौघं होतो. द्वारकाबाई स्वतःहून साक्षीला आल्या होत्या, नव्या साडीत. आईने ठळक, वळणदार अक्षरात सही केली. मोतीरामना लिहायची सवय नव्हती. पेन टेकवून ते नुसतेच थांबले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

आई त्यांच्या बाजूला सरकली. कागद उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर तिने बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “सावकाश लिवा. कोणी घाई करून नाही राह्यलं.”