व्हॉसच्या डागाची गाय

पहिलं बर्फ पडायच्या आत डोंगरावरची गुरं खाली आणायची, हा मोंटानातल्या टेनब्रूकचा शिरस्ता. गावातली शाळा बंद पडली, दुकानं दोनच उरली. पण गुरं होती आणि कुरणं होती, म्हणून गाव होतं. लीटा रासमुसननं यंदा पहिल्यांदाच नवऱ्यावाचून कळप उतरवला. सोबतीला शेजारचे म्हातारे ओरिन घोड्यावरून आले होते.

गुरं फाटकातून आत घेताना तिला एक तांबडी गाय वेगळी वाटली. मागे वासरू. पुठ्ठ्यावर मालकाचा डाग होता, अगदी ताजा. कडा लालबुंद, जळक्या केसांचा वास अजून येत होता.

"कुणाची हो ही?"

ओरिन घोड्यावरून उतरले. हात न लावता त्यांनी हवेतच डागावरून बोट फिरवलं. "व्हॉसची."

"सकाळीच बाटली उघडलीत की काय? व्हॉसची वाडी धरणाच्या पाण्याखाली जाऊन साठ वर्षं झाली."

"ठाऊक आहे. त्यांच्या गुरांना डाग द्यायला मीच जायचो. परकं जनावर ठेवू नये, पोरी. सोड तिला."

लीटाचं मन अडखळलं. उन्हाळा वाईट गेला होता आणि गाय चांगली भरलेली होती. तरी तिनं फाटक उघडलं.

गाय सावकाश उताराला लागली. कुठे जाते ते पाहायला दोघं पायीच मागे निघाली. दुपारचं ऊन धुक्यातून दुधासारखं पाझरत होतं. कुठे पाखरू बोलत नव्हतं. चालताना लीटाला उगाच झोप आल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

धरणाच्या काठाशी गाय थबकली नाही. पोहलीही नाही. पायाखाली ओळखीची वाट असावी तशी चालत राहिली.

गुडघे. पोट. पाठ. मग वासरू.

पाणी हललंसुद्धा नाही.

पाण्यात खोल कुठूनतरी फाटकाला कडी घातल्याचा आवाज आला.

"चल," ओरिन पुटपुटले.

लीटा वळली. काठच्या चिखलात खुरांचे ठसे पाण्याकडे गेले होते. त्यांच्या बाजूनं बुटांचे ठसे होते, पाण्यातून वर आलेले. ते तिच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून, थांबले होते.

ओरिन तिच्या उजवीकडे उभे होते.