अण्णा आला का?

मंगळवारची सकाळ होती. बाबासो अँटेनाची वायर आणायला घराबाहेर पडला. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात तो माथाडी कामगार. त्या दिवशी गाड्या उशिरा लागणार होत्या, म्हणून हाताशी वेळ होता. श्यामसुंदरच्या दुकानात त्याने वायर घेतली, तिला पिन बसवून घेतली. निघताना श्यामसुंदर म्हणाला, "आता बोनकोड्याला जाणार असाल ना?"

"का हो?"

"तुमचे जुने घरमालक... धर्मराजशेठ. पहाटे गेले. झोपेतच. तुम्हाला कळलं नाही?"

वायरचं वेटोळं हातात धरून बाबासो तिथेच उभा राहिला. मागून गिऱ्हाईक म्हणालं, "काका, जरा सरका." तेव्हा सरकला.

हा बाबासो म्हणजे आपल्या तिसऱ्या मजल्यावरचाच, पोरांनो. परवा तुम्ही भांडत होतात ना, कुठल्याशा मालिकेचे आधीचे भाग चांगले की नंतरचे? तुमचं भांडण ऐकून तो उठून घरी गेला. तुम्हाला वाटलं, म्हातारा चिडला. चिडला नव्हता. लाईट गेलीच आहे, तर ऐका. मोबाईल खाली ठेवा आधी.

साताऱ्याकडून आला तेव्हा बाबासो बोनकोड्यात धर्मराजच्या घरी, वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. धर्मराज तिथलाच मूळचा. शेती नव्या शहरासाठी गेली, तिच्या पैशात त्याने घर बांधलं आणि रंगीत टीव्ही घेतला. दर गुरुवारी रात्री नऊला एक विनोदी मालिका लागायची, 'दोन खोल्या, एक नळ'. चाळीतली दोन बिऱ्हाडं, मध्ये एकच नळ, आणि त्या नळाची किल्ली कमरेला लावून फिरणारा घरमालक अण्णा. प्रत्येक भागात अण्णा एकदा तरी दारात येऊन विचारायचा, "पाणी आलं का?" एवढंच. पण ते असं विचारायचा की सगळी खोली हसून लोळायची. धर्मराज तर अण्णा दिसायच्या आधीच हसायला लागायचा. त्याचं हसणं वेगळं. आधी नुसते खांदे हलायचे, मग शिट्टीसारखा एक लांब श्वास, मग खोकला.

मालिकेचं गाणं सुरू झालं की तो कोपऱ्यातली काठी उचलून छताला तीन ठोके द्यायचा. वर बाबासोच्या पायाखाली ठक, ठक, ठक. ताटावरून उठून बाबासो खाली पळायचा. त्याची बायको शकुबाई मागून ओरडायची, "हात तर धुवा!"

तिसऱ्या वर्षी मालिका बदलली. अण्णाचं काम करणारा नट दिसेनासा झाला. अण्णा गावाला गेलेत, असं एका वाक्यात सांगून मोकळे झाले. त्याच्या जागी गॉगल लावणारा पुतण्या आला. चाळ पाडून बिल्डिंग झाली, नळ गेला, घरोघर बाथरूम आलं. आणि प्रत्येक वाक्यानंतर कुठूनतरी शंभर माणसं एकदम हसायला लागली. अर्ध्या लोकांना तेच आवडलं. उरलेले म्हणाले, मालिका मेली. मार्केटात, रिक्षा स्टँडवर, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा दोन तट पडले.

त्याच सुमारास बाबासोला रस्त्यापलीकडे फ्लॅट मिळाला. गुरुवारी तो तरीही धर्मराजकडेच यायचा. पण त्याला पुतण्या आवडायचा.

"कसली माकडचाली करतंय ह्यो," धर्मराज म्हणायचा. "आन्ना नाय तं मालिका कोनाची?"

"माणसानं काय जन्मभर चाळीतच ऱ्हायाचं व्हय, भाऊ?"

"नको राहू. तुमी सगली गेलाव फ्लॅटान. नल हितंच राह्यला."

बोलणं मालिकेबद्दलचं राहिलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. बाबासोचा तोल गेला. "तुमचा अण्णा मेला आसंल कवाच. बसा वाट बघत!"

धर्मराजने उठून टीव्ही बंद केला. "आन्ना येल. आला का मना येऊन सांग. तवाच लावीन ह्यो डबा."

त्यानंतर बाबासो त्या घरी गेला नाही. वर्ष होत आलं. आणि मग एका रविवारी टीव्हीवर जाहिरात लागली. येत्या गुरुवारी मालिकेचा शेवटचा भाग. अण्णा परत येतोय.

"जावा की, सांगून या त्यास्नी," शकुबाई म्हणाली. "नुसता रस्ता तर वलांडायचाय."

"उद्या जातो."

"उद्या, उद्या. नाक कापलं जातंय व्हय तुमचं?"

सोमवारीही तो गेला नाही. आपल्या टीव्हीवर मुंग्या फार दिसतात. आधी नवी वायर लावू, चित्र स्वच्छ करू, मग धर्मराजभाऊला गुरुवारी आपल्याकडेच जेवायला बोलावू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्या वायरसाठीच तो मंगळवारी बाहेर पडला होता.

सत्त्याण्णव सालची वीस नोव्हेंबर. गुरुवार. बाबासो संध्याकाळी धर्मराजच्या घरी बसायला गेला. जिथे धर्मराजला शेवटचं निजवलं होतं, तिथे दिवा तेवत होता. दिव्याशेजारी ताटात पीठ पसरून ठेवलेलं. गेलेलं माणूस येऊन जातं, त्याची खूण पिठात उमटते, असं मानतात. सुतकात टीव्ही लावत नाहीत, म्हणून धर्मराजच्या मुलाने, तेजसने, त्याचा प्लग काढून वर चादर टाकली होती.

तेजस उरणच्या पाहुण्यांना बसस्टॉपवर सोडायला निघाला. धर्मराजची बायको गोजरा आतून आली. "भावजी, दिव्याकरं बगा. तेल कमी झालं तं घाला." जाता जाता दारात थांबली. "सोमवारी राती त्यानी इचारलं. बाबासो आलता का म्हनून."

बाबासोने मान खाली घातली. ती आत गेली.

नऊ वाजत आले. शेजारच्या घरांतून मालिकेचं गाणं सुरू झालं. तेवढ्यात लाईट गेली. सगळ्या बोनकोड्याची. रस्त्यापलीकडचे सेक्टरसुद्धा काळे झाले. पोरांचा ओरडा उठला, मग तोही थांबला.

दिवा तेवढा होता.

बाबासो दिव्याकडे बघत बसला. वात स्थिर होती. वारा नव्हता.

मग त्याला श्वास ऐकू आला. शिट्टीसारखा, लांब. मागून खोकला.

त्याला वाटलं, आत कुणी तरी असेल. पण आत बायकाच होत्या, आणि हा आवाज आतून नव्हता. टीव्हीसमोर धर्मराजची खुर्ची होती, तिकडून होता. पुन्हा श्वास. पुन्हा खोकला. माणूस एकटाच हसत होता...

बाबासोने मान वळवली नाही.

हसणं थांबलं.

ठक.

ठक.

ठक.

छताला. वरच्या खोलीला कुलूप होतं. आणि ठोके वरून नव्हते. खालून होते. ह्याच खोलीतून, त्याच्या अगदी शेजारून कुणीतरी छताला काठी लावत होतं. चुन्याचे पापुद्रे त्याच्या खांद्यावर पडले.

मग काहीच नाही. नुसती वाट बघणं. ते त्याला मानेवर जाणवत होतं.

"आला का रं?"

हळू. नेहमीच्या आवाजात. राग नव्हता.

बाबासोने तोंड उघडलं. उत्तर काही मोठं नव्हतं. आला, भाऊ. एवढंच. त्याने पुन्हा तोंड उघडलं...

आवाज फुटला नाही.

खुर्ची करकरली. कुणीतरी उठलं, असं.

लाईट आली तेव्हा शेजारच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. तेजस दारात चपला काढत होता. आत पाऊल टाकता टाकता तो थबकला.

"काका, टीवीवरची चादर कोनी काढली?"

चादर खुर्चीत होती. नीट घडी घातलेली. प्लग खाली लोंबत होता, तसाच. दिवा तेवत होता. ताटातलं पीठ सपाट होतं, त्यावर बोट काय, मुंगीचीही खूण नव्हती. आणि टीव्हीच्या बटनावर, जिथे दाबून तो चालू करतात तिथे, पांढरा ठसा होता. पिठाचा. अंगठ्याचा.

तेजसने तो पुसला. बाबासोने बघितलं.

दुसऱ्या दिवशी मार्केटात लोक भांडत होते, शेवट बरोबर होता की चुकला. वाशीला लाईट गेली नव्हती, तिथल्यांनी पाहिला होता. अण्णा आला का, हे बाबासोने कुणाला विचारलं नाही. कोणी सांगू लागलं की तो उठून जायचा. अजून जातो.

त्या वायरचं वेटोळं त्याच्या माळ्यावर आहे. ती त्याने कधी लावली नाही.