गाळलेली भीती

कैरीच्या डाव्या पंखातलं एक कोवळं पीस मधोमध मोडलं होतं आणि त्यातून रक्त ठिबकत होतं. डॉ. इर्शाद काझींनी तिला मऊ फडक्यात गुंडाळून मुठीत धरलं, मोडक्या पिसावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबलं आणि रक्त थांबायची वाट बघत उभे राहिले. टेबलापलीकडे डॉ. सुलक्षणा राजूरकर लंगडत येरझाऱ्या घालत होत्या.

"मॅडम, बसा ना जरा. तुमच्या चपलांनी ती आणखी बिचकतेय."

"माझ्या चपलांनी? रात्री तिला काय भूत दिसलं ते विचारा आधी! सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं तर खाली पिसांचा सडा आणि दांडीवर रक्त."

नागपूरच्या पक्षिध्वनी प्रयोगशाळेतली ही सकाळ. सुलक्षणाबाई तिथल्या प्रमुख ध्वनिशास्त्रज्ञ आणि काझी पक्ष्यांचे डॉक्टर. कैरी ही बाईंची स्वतःची बजी, म्हणजे बजरीगर जातीचा तो वीतभर हिरवा-पिवळा पोपट. लोक त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणून मोकळे होतात आणि बाई दर वेळी चिडतात. चिडायला त्यांना तसं फारसं कारण लागत नाही. नवरा गेल्यावर रिकाम्या घरात आवाज करणारं काहीतरी असावं म्हणून त्यांनी ही आणली, आणि तिच्यात जीव अडकवून बसल्या.

"अशी आणखी एक रात्र गेली तर मी शब्द देत नाही," काझी म्हणाले. "एवढ्याशा जिवात रक्त असतं तरी किती? वाढत्या पिसात तर ते वाहतंच असतं. पीस मोडलं की नळ उघडा."

"मग आपलं चुकलं कुठे? पहिल्यापासून सांगा. मला काही कळत नाही असं समजून सांगा."

काझी हसले. "सोपं आहे. पक्षी अर्ध्या मेंदूनं झोपू शकतो. थवा रात्री झाडावर बसला की कडेचे काहीजण एक डोळा उघडा ठेवतात, आणि त्यांच्या भरवशावर मधले निवांत झोपतात. जागा असलेला पक्षी मधूनच हलतो, चोच घासतो, बारीक कुरकुरतो. ती कुरकुर ऐकू येतेय तोवर सगळं आलबेल. घरातल्या एकट्या बजीला असा पहारेकरी नसतो. कूलर धाडकन सुरू झाला, भिंतीवर पाल सरकली, की ती अंधारात गजांवर धडका घेत सुटते."

"म्हणून लोक मंद दिवा ठेवतात, पिंजरा खिडकीपासून हलवतात, झोका आणि घंटा काढून टाकतात. मीही केलं सगळं."

"त्यानं धोका कमी झाला, भीती गेली नाही. मग तुम्हाला 'सोबत' सुचली."

सुचली होती खरी. एकट्या बाईकडे रात्री शेजारचं कोणीतरी सोबतीला झोपायला जातं, तशी ही पेटी पिंजऱ्याला टांगायची. कुरकुर टेप करून ऐकवून पाहिली, तर बजींनी ती खोटी असल्याचं लगेच ओळखलं. म्हणून बाईंनी राज्यभरातले पाळीव बजी एकमेकांना जोडून एक दूरथवा उभा केला. ज्याच्या घरचा पक्षी जागा, त्याची ताजी कुरकुर बाकीच्यांच्या पेटीतून. पहिले काही आठवडे सगळीकडे आनंदीआनंद होता. मग कोल्हापुरात एका खिडकीत मांजर आलं, तिथली बजी किंचाळली, आणि ती किंचाळी ऐकून नाशिकपासून नागपूरपर्यंत सगळे पक्षी नसलेल्या मांजरापासून पळत सुटले. पिसं मोडली, दोन पक्षी दगावले. तेव्हा बाईंनी त्या पेटीत भयगाळणी बसवली. किंचाळी आली की ती आपोआप गाळली जाणार, पुढे जाणार ती फक्त शांत कुरकुर.

"आणि गाळणी उत्तम चालतेय," बाई तणतणल्या. "एक किंचाळी सुटलेली नाही. तरी हे!"

तेवढ्यात फोन वाजला. कॅनडातल्या एडमंटनहून ऋजुता, त्यांची एकुलती एक मुलगी; नवरा अनीशबरोबर तिकडेच स्थायिक झालेली. तिकडे मध्यरात्र होत आली असणार. बाईंनी दृश्य बंद ठेवून फोन घेतला.

"आई, बरी आहेस ना?"

"उत्तम! तू अजून जागी का?"

"झोप येत नाही. खरंच बरी आहेस ना? आवाज थकल्यासारखा वाटतोय."

"तुझी ती घरराखण रोज कळवते ना सगळं?"

घरराखण म्हणजे ऋजुतानं आईच्या फरशीखाली बसवून घेतलेली संवेदकांची यंत्रणा. पाऊल पडलं, नळ सुटला, कोणी कण्हलं, सगळं तिला कळायचं आणि रोज एडमंटनला निरोप जायचा.

"तिचं नाव काढू नकोस," ऋजुता म्हणाली. "मागच्या महिन्यात तुमच्याकडे दोन दिवस वीज नव्हती. समोरच्या इमारतीत उष्माघातानं माणसं गेली, मी बातम्यांत बघत होते. आणि ती बॅटरीवरून मला सांगत होती, सर्व ठीक, सर्व ठीक. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. आई, मी येतेय. घर बंद करू, तू इकडे चल."

"मी कुठेही येणार नाही! इथे माझं काम आहे, माझं घर आहे. रोज सांगते बरी आहे म्हणून, पण तुझा विश्वास बसेल तर शपथ!" बाईंनी फोन ठेवला. घर सोडायची नुसती कल्पनाही त्यांना सहन होत नव्हती, आणि पोटची पोर आपलं ऐकत नाही हे त्याहून लागलं होतं.

काझी पडद्यावर रात्रींची नोंद चाळत होते. "मॅडम, हे बघा. सगळ्या घरांत भीती परत सुरू झालीय, पण एकाच वेळी नाही. तुमच्या वस्तीतल्या सगळ्या पिंजऱ्यांत एकाच रात्रीपासून. अमरावतीत वेगळ्या रात्रीपासून."

"आमच्या इथे त्या रात्री वरात होती. मेल्यांनी अंगणातच फटाके लावले."

"अमरावतीत वादळ होतं." काझी थांबले. "म्हणजे त्या रात्री प्रत्येक बजीनं स्वतःच्या कानांनी धडाका ऐकला. आणि तेव्हा पेटी काय म्हणत होती?"

सुलक्षणाबाई खाली बसल्या. "पेटी शांतपणे कुरकुरत होती. कारण किंचाळ्या मी गाळल्या होत्या."

"मग बजीनं काय समजायचं? आकाश फाटतंय आणि पहारेकरी म्हणतोय, सगळं आलबेल. हा बहिरा तरी आहे नाहीतर खोटारडा."

"गाढव आहे मी, गाढव!" बाईंनी कपाळावर हात मारला. "शांत कुरकुरीला किंमत कशामुळे होती? त्याच तोंडातून किंचाळीही येऊ शकते म्हणून. जो कधी ओरडूच शकत नाही, त्याच्या गप्प राहण्याला अर्थ काय? मी भीती गाळली आणि तिच्याबरोबर भरवसाही गाळून टाकला."

त्याच दिवशी त्यांनी गाळणी काढली. पण कोल्हापूरचं मांजर नागपुरात नको, म्हणून एका वस्तीतल्या पिंजऱ्यांचाच एक थवा केला, आणि प्रत्येक घरी मंद दिवा सक्तीचा. पुढच्या आठवड्यात बाईंच्या वस्तीत पुन्हा वरात आली. एक बजी किंचाळली, मागोमाग सगळ्या दचकल्या. दिव्याच्या उजेडात त्यांनी दांडी घट्ट धरली, पंख फडफडवले, कान दिला. थोड्या वेळानं कडेच्या एका पिंजऱ्यातून कुरकुर आली आणि सगळ्या झोपल्या. एकाही पिंजऱ्यात रक्त नव्हतं. कैरीनं तर सकाळी उठून बाईंच्या चष्म्याची दांडी कुरतडली.

काझींनी पेढे आणले. बाईंनी पेढा घ्यायला उठताना ओठ चावला.

"गुडघा अजून दुखतोय? त्या दिवशी न्हाणीघरात पडलात त्याचाच ना? घरी सांगितलंत?"

"कशाला? सातासमुद्रापलीकडे पोरीचा जीव टांगणीला कशाला लावायचा?"

"पण ती घरराखण? तिनं कळवलंच असेल."

पेढा हातातच राहिला. घरराखणीत त्यांनी स्वतःच एक गाळणी बसवली होती. पक्ष्यांसाठी लिहिली तीच, चार आकडे बदलून. आपटल्याचा आवाज, कण्हणं, रडणं, सगळं गाळलं जाई. त्या पडल्या, ओल्या फरशीवर कितीतरी वेळ उठता न येता पडून राहिल्या, आणि एडमंटनला निरोप गेला, सर्व ठीक.

मग वीज गेली, आणि ऋजुतानं स्वतःच्या डोळ्यांनी नागपूर होरपळताना पाहिलं.

काझी समजल्यासारखे बाहेर गेले. बाईंनी फोन लावला. तिकडे पुन्हा रात्रच होती आणि पहिल्या घंटीलाच फोन उचलला गेला.

"ऋजू, मी पडले होते."

त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, फरशी, गाळणी. ऋजुता ओरडली, वाट्टेल ते बोलली, मग रडली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मधे बोलल्या नाहीत.

"आणखी एक," त्या शेवटी म्हणाल्या. "तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठतं गं. थंडीतसुद्धा मी नुसता कूलरचा पंखा लावून झोपते. घरघर असली की कोणीतरी आहे असं वाटतं."

बराच वेळ ऋजुता नाक ओढत राहिली. मग म्हणाली, "वेडी आहेस तू. पण आता निदान कळलं तरी. आता तू बरी आहेस म्हणालीस तर मला ते खरं वाटेल. इकडे ये म्हणून तुझ्या मागे लागणार नाही."

हेच तर बाईंना हवं होतं. घर राहिलं, काम राहिलं, पोरीचा विश्वास परत आला. फोन ठेवायला हरकत नव्हती. पण डोकं शास्त्रज्ञाचं; एकदा नियम सापडला की तो सगळीकडे लावून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

"ऋजू, तुला जाऊन सहा वर्षं झाली. रोज विचारते, रोज तू मजेत असतेस. सहा वर्षांत तुझं साधं डोकंही दुखलं नाही?"

पलीकडे शांतता. आणि त्या शांततेत सुलक्षणाबाईंनी पहिल्यांदा नीट ऐकलं. मघापासून ऋजुताचे हुंदके भिंतींवर आपटून परत येत होते. पडदे, सोफा, कपाटं असलेल्या खोलीत आवाज असा घुमत नाही. उभा जन्म ध्वनीत घालवलेली बाई, आणि कित्येक महिने रोज हे कानावर पडत असताना 'मजेत' या एका शब्दावर निश्चिंत झोपत होती.

"तिथे सामान नाही, ऋजू. खोली रिकामी आहे."

"आई," ऋजुताचा आवाज अगदी लहान झाला होता. "अनीश दिवाळीतच मला सोडून गेला गं. सामान घेऊन गेला. मी हे घर सोडणार होते, पण जायचं कुठे? तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस."

"नसतेच झोपले." बाई म्हणाल्या. "मी जागी राहायला हवं होतं."

बाईंनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"फोन ठेवू नकोस," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "उशाशी ठेव आणि पड. इथे दिवस आहे, मी कामं करत बसते. खुडबुड ऐकू येईल तुला."

"आणि काही वाईट झालं तर?"

"तर हाक मारून उठवीन तुला. शप्पथ."

थोड्या वेळानं पलीकडचा श्वास लांब, संथ झाला. सुलक्षणाबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि टेबलावरचे कागद जरा जास्तच आवाज करत आवरायला घेतले.