‘काळजाच्या काचा’ आणि जिन्याचा सिद्धांत

‘काळजाच्या काचा’ ही मालिका टुकार आहे, हे मान्य करूनच मी सुरुवात करतो. सासू एक वाक्य बोलली की कॅमेरा घरातल्या प्रत्येकाच्या तोंडावर आळीपाळीने आपटतो, दर तोंडाला एक वीज कडाडते आणि मग जाहिराती लागतात. नायिका दोनदा मेली आहे. दुसऱ्यांदा परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन, आणि नवऱ्याने तिला खोकण्यावरून ओळखलं. अशी मालिका रोज संध्याकाळी बघणं हा फार तर छंद झाला. तिच्यावर शास्त्रशुद्ध भाष्य लिहिणं हे मात्र काम आहे, आणि ते माझ्याइतकं चांगलं कोणी करत नाही.

फुशारकी म्हणून नाही सांगत. इमारतींचे नकाशे काढण्यात माझा जन्म गेला. खिडकी दोन बोटं सरकलेली असली तरी मला जेवण जात नाही. त्यामुळे मालिकेतल्या त्या अवाढव्य घराचा नकाशा मी प्रसंगाप्रसंगातून जुळवत गेलो आणि इंटरनेटवरच्या आमच्या पानावर टाकला. खाली गंभीर चेहऱ्याच्या तळटीपा: ‘देवडीचा दरवाजा मंगळवारी पूर्वेला होता, गुरुवारपासून उत्तरेला आहे. अभ्यासकांत याबाबत मतभेद आहेत.’ अभ्यासक म्हणजे मी आणि माझी ताई.

ताई शाळेत भूगोल शिकवायची. भाऊजी गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती जवळजवळ मुकी होऊनच. ‘हो’, ‘नको’, ‘असू दे’, एवढ्यावर तिचा दिवस निघायचा. तिला बोलतं करायचे सगळे उपाय करून मी आणि माझी बायको थकलो. मग एका संध्याकाळी टीव्हीवर सासूने सुनेच्या सरबतात विष कालवलं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून ताई म्हणाली, “पेला बदललाय. आधीचा काठाला टवका गेलेला होता. माझ्या वर्गातल्या ढ मुलालाही दिसलं असतं.”

बायको हातातला झारा घेऊनच बाहेर आली.

त्याच आठवड्यात मी भाष्य सुरू केलं. खरं सांगतो, मालिका हे नुसतं निमित्त. ताई बोलत राहावी, एवढंच मला हवं होतं. आणि ती बोलायला लागली. मी नकाशे सांभाळायचो, ती कपडे, भांडी आणि नातीगोती. पुढे ती हसायला लागली. महिन्याभरात तिने मला पूर्वीसारखं ‘धाकट्या’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

भाष्याचा पहिला नियम तिनेच घातला: पडद्यावर जे दिसलं नाही ते घडलंच नाही. त्यातूनच आमचा प्रसिद्ध जिन्याचा सिद्धांत निघाला. त्या घराच्या दिवाणखान्यातून एक वळणदार लाकडी जिना वर जातो. लेखकांना एखादं पात्र नकोसं झालं की ते पात्र “मी जरा वर जाऊन पडते” म्हणतं, जिना चढतं आणि पुन्हा कधी दिसत नाही. त्याचं नावसुद्धा कोणी काढत नाही. चुलत सासरे असे गेले, त्यांच्यामागून स्वयंपाकीणबाई गेली, नायकाचा जुळा भाऊ तर स्वतःच्या साखरपुड्यातून उठून गेला. मी नकाशाने शाबीत केलं की त्या जिन्याच्या वर खोलीच बसत नाही. जिना भिंतीला लागतो आणि भिंतीमागे बाग आहे. वर गेलेल्यांना आम्ही ‘विलीन’ म्हणायचो. भाष्यात एक गंभीर परिच्छेद लिहून अमुक पात्र विलीन झाल्याचं जाहीर करायचो. वाचक त्यावर जीव टाकायचे.

मग एका वाचकाने लिहिलं, ‘हे चुलत सासरे कोण? मी पहिल्यापासून मालिका बघतोय. असं पात्र कधी नव्हतं.’

ताई म्हणाली, “घ्या. अजून एक अतिशहाणा.”

पण मला राहवलं नाही. मी जुने भाग काढून बघितले. चुलत सासरे त्यात नव्हते. ते ज्या खुर्चीत बसून सगळ्यांना टोमणे मारायचे ती खुर्ची होती. घरातली माणसं त्या खुर्चीकडे तोंड करून बोलत होती, मध्ये थांबत होती, कोणी काही लागट बोलल्यासारखी मान खाली घालत होती. खुर्ची रिकामी.

मी ताईला समजावलं. नटाचं आणि निर्मात्याचं बिनसलं असणार, कापून टाकलं असेल त्याला. हल्ली काय वाटेल ते करता येतं. स्वयंपाकीणबाई आणि जुळा भाऊही तसेच कापलेले निघाले. हेही त्याच हिशेबात बसत होतं.

“पण आपण लिहिल्यानंतरच कसं?” ताईने विचारलं.

“मग करून बघू,” मी म्हणालो. नकाशावाल्याला संशय आला की तो जाऊन मोजमाप घेतो. मी ड्रायव्हर निवडला. त्याला कोणी काढणं शक्यच नव्हतं. सगळी कारस्थानं गाडीत शिजायची, त्याच्याशिवाय मालिकेचं पान हलत नव्हतं. मी भाष्यात तीन पुरावे देऊन तो विलीन झाल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर दिवाणखान्यात आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने सासूकडे बघितलं. “मी जरा वर जाऊन पडतो,” म्हणाला, आणि जिना चढून गेला. ड्रायव्हर मालकाच्या घरात वर जाऊन पडतो, याचं त्या घरात कोणालाच काही वाटलं नाही.

मी टाळी वाजवली. इतका सुरेख पुरावा मला धंद्यातही कधी मिळाला नव्हता.

ताईने टाळी वाजवली नाही. “ऐक,” ती म्हणाली.

टीव्हीवर सासू बोलत होती, विजा कडाडत होत्या. त्या सगळ्याखाली, अगदी हलकं, वरच्या मजल्यावर कोणीतरी चालत होतं. एकापेक्षा जास्त माणसं. एक लाकडी खाट करकरली. ज्या मालिकेला एक पेला धड सांभाळायची अक्कल नाही, तिच्यात मला असले बारीक आवाज ऐकू येत होते.

“ध्वनिमुद्रणातली चूक,” मी म्हणालो.

“आता कोणाला विलीन करू नकोस, धाकट्या.”

“बरं.”

आणि मी खरंच केलं नसतं. पण भाष्याच्या खाली एका वाचकाने खोडी काढली. त्याचं म्हणणं, या भाष्यातली ‘ताई’ हे तुम्ही रचलेलं पात्र आहे. तिला कोणी पाहिलेलं नाही. तुमच्याच पहिल्या नियमाने, जे दिसलं नाही ते नाहीच.

कोणी माझ्या नियमाने मलाच पकडावं? मला चेव आला. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, अगदी भाष्याच्या थाटात: ‘आक्षेप ग्राह्य. आमची ताई एकदाही पडद्यावर दिसलेली नाही. सबब, आम्ही तिलाही विलीन घोषित करत आहोत.’ खाली नेहमीची तळटीप. वाचकांनी हसून हसून पान डोक्यावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, पण त्या क्षणी मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

संध्याकाळी मी ते ताईला वाचून दाखवलं. बायको बाजारात गेली होती. ताई हसली, थोडी उशिरा. चष्मा काढून तिने पदराने पुसला, मिटला आणि टीव्हीवर ठेवला.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “मी जरा वर जाऊन पडते.”

आमचं घर बैठं आहे. वर पत्रा, आणि पत्र्यावर आभाळ.

मला हसू आलं. काय टायमिंग साधलंय, म्हणून मी “वा!” सुद्धा म्हणालो. ती आतल्या बोळात वळली. मग मला लाकडी पायऱ्यांचा आवाज आला. सावकाश चढत गेलेला. डोक्यावर, पत्र्याच्याही वर कुठेतरी, एक खाट करकरली.

बोळात कोणी नव्हतं. तिच्या खोलीत माझं नकाशांचं टेबल होतं, कागदांच्या सुरळ्या होत्या, आणि वर्षानुवर्षं कोणी न झाडलेल्या कोपऱ्याची धूळ होती.

बायको आली तेव्हा मी पत्र्यावर चढलेलो होतो.

“ताई कुठे गेली?” मी वरूनच ओरडलो.

“कोणाची ताई?” ती म्हणाली. “अहो, उतरा आधी. पडाल.”

खाली आल्यावर मी तिला हाताला धरून सगळं सांगितलं. जिला ती रोज ‘वन्सं’ म्हणून हाक मारायची तिच्याबद्दल. तिने शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्हाला बहीण असती तर बरंच झालं असतं,” ती म्हणाली. “माणूस लागतंच बोलायला.” तिच्या आवाजात खोट नव्हती. माझी बायको चांगली आहे. मला तिची भीती वाटली.

टीव्हीवर चष्मा नव्हता.

पण मी हातपाय गाळणाऱ्यातला नाही. जे लिहून घालवलं ते लिहून परत आणता आलं पाहिजे. मी आयुष्यातलं सगळ्यात पक्कं भाष्य लिहिलं. जिन्याचा सिद्धांत मुळात चूक आहे, हे मी मान्य केलं. नकाशा नव्याने काढला, भिंत मागे सरकवली, जिन्याच्या वर एक ऐसपैस खोली दाखवली, तिला दोन खिडक्या दिल्या. जो जिना चढता येतो तो उतरताही येतो, हे मापांसकट शाबीत केलं. आणि शेवटी लिहिलं की आमची ताई उद्याच्या भागात खाली येईल. तळटीप दिली नाही.

वाचकांनी विचारलं, कोण ताई?

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधीच टीव्हीसमोर बसलो. बाहेर अंधारून आलं होतं. बायकोने दिवा लावला आणि शेजारच्या खुर्चीत भाजी निवडत बसली. मालिका सुरू झाली. सासू दिवाणखान्यात उभी होती. तिच्या तोंडावर वीज कडाडली नाही.

जिन्यावर पाय दिसले.

फक्त पाय. कॅमेरा वर गेलाच नाही. एकेका पायरीवर दोन्ही पाय जोडून कोणीतरी उतरत होतं, गुडघा दुखणाऱ्या माणसासारखं. ताई शाळेचा जिना असाच उतरायची.

मी पुढे सरकलो. माझे डोळे भरून आले होते. मी जिंकलो होतो.

शेवटच्या पायरीवर पाय थांबले.

“का गं?” सासूने विचारलं. “राहायला आलीस खाली?”

“नाही,” ताईचा आवाज आला. “धाकट्याला न्यायला आलेय.”

मी बायकोकडे बघितलं. तिने निवडलेली भाजी उचलली, टीव्ही बंद केला, माझ्या खुर्चीच्या पाठीवर पडलेला टॉवेल ओढून घेतला आणि दाराशी जाऊन, रिकाम्या खोलीतून निघताना घालवतात तसा, दिवा घालवला.