सेन्सरची पाळत

तो शिडीवर होता आणि माझं वाय-फाय बंद पडलं होतं, म्हणून मी शिडीच गदगदा हलवली.

"अवो मॅडम, पडीन ना मी—"

"पडा. नेट काहून बंद केलं?"

घाटंजीच्या कापूस बाजारात माझं एका खोलीचं 'दीपा सेवा केंद्र' आहे. त्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्लेला, उरलेल्याला भाव नाही, विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीसाठी दारात थांबलेली माणसं आधीच करवादलेली. आणि यवतमाळहून आलेला हा अश्वजित, बाजार समितीच्या वाय-फायची नवी सुरक्षा तपासायला भिंतीभिंतीवर पांढऱ्या डब्या ठोकत होता. त्या डब्या म्हणजे सेन्सर. आसपासच्या सगळ्या वाय-फायवर लक्ष ठेवायचे, आणि नकली दिसलं की तोडायचे.

नकली म्हणजे माझं. समितीचंच नाव आणि समितीचाच पासवर्ड मी माझ्या वाय-फायला दिला होता. म्हाताऱ्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता. माझ्या दारात आले की फोन आपोआप जोडला जायचा. चोरसुद्धा नेमकं असंच करतात, असं त्यानं शांतपणे सांगितलं. मला मेली ती शांतताच जास्त झोंबली.

समितीचे सचिव तर माझी खोलीच काढून घ्यायला निघाले. अश्वजित मध्ये पडला. ही चूक आहे, चोरी नाही, म्हणाला. नाव बदलू द्या, आठवडाभर पाळत ठेवू, मग ठरवा. पाळत... माझ्यावर! माझं डोकंच फिरलं.

मग तो रोज सकाळच्या एसटीनं यायचा. माझ्या बाकावर बसून उकंडाकाकांसारख्या म्हाताऱ्यांचे फोन नव्या नावाला जोडून द्यायचा, जुने फोन नवी सुरक्षा ओळखत नाहीत म्हणून त्यांची वेगळी सोय लावायचा. मधेच लॅपटॉपवरून माझ्याकडे बघायचा... मी पाहिलं की घाईघाईनं मान खाली. मी त्याच्यापुढे चहा आपटायचे. एकदा साखर जास्त पडली, तीही रागातच.

शेवटच्या दिवशी सचिवांनी खोली माझ्याकडेच ठेवली. अश्वजित सेन्सर काढायला शिडीवर चढला आणि त्याच्या उघड्या लॅपटॉपवर मला तिकडच्या नेर गावचा बाजार दिसला. तिथले सेन्सर, तिथली वाय-फाय, सगळं त्या क्षणाचं.

"नेरचे सेन्सर इथून दिसतात?"

"दिसतात जी. सारेच दिसतात."

"मंग घाटंजीचे यवतमाळहून दिसत नव्हते?"

वरचा पेचकस थांबला.

"...दिसत होते."

"तं रोज कायले येऊन राह्यले होते तुमी?"

"सेन्सरले वाय-फाय दिसते," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "दीपा दिसत नाही."

आठवडाभर मी ज्या पाळतीवर दातओठ खाल्ले, ती पाळत उद्यापासून नसणार, याचाच मला आता भयंकर राग आला. मी पुन्हा शिडी धरली. या वेळी घट्ट.

"डबी राहू द्या तिथंच," मी म्हणाले. "आन् उद्या आले नाही, तं पाहा."